पाचव्या ठिकाणचं पाणी

घरच्या नळाला येणाऱ्या पाण्याची चव तुम्ही शेवटची कधी नीट घेतलीत? नाशिककर असाल तर हा प्रश्न खास तुम्हाला आहे. आपल्या नळांना ज्या गंगापूर धरणातून पाणी येतं, त्याच्याच काठावर घडलेली ही गोष्ट आहे.

आधीच सांगतो, भूत, भानामती, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नाही. मानणाऱ्यांशी भांडलोय. कॉलेजात असताना आमच्या बौद्ध वस्तीजवळ एक बाबा मंतरलेलं पाणी वाटायला लागला, तेव्हा मी त्याच्याविरुद्ध पत्रक लिहिलं होतं. शीर्षक होतं ‘पाणी हे पाणीच असतं’. आज हे लिहिताना ते शीर्षक मलाच टोचतंय... पण जे झालं ते झालं.

ते पत्रक अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी जुळवलं होतं. अण्णा छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून, उलटं वाचत, ओळ उभी करायची. मोर्च्याची, संपाची, सभांची पत्रकं त्यांच्या हातून गेली आणि वाया गेलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली. त्या बाबाची जाहिरातही त्यांच्याकडे आली होती. मालकांना ते म्हणाले, “दुसऱ्या कुणाला द्या. खोटं माझ्या हातानं जुळत नाही.” एवढ्यावरून महिनाभर त्यांना यंत्राचे शाईचे रूळ पुसायला लावले. त्यांनी पुसले.

शिशात आयुष्य गेल्यामुळे असेल, अण्णांची चव गेली होती. शिशाची बाधा होऊ नये म्हणून कामाची पाळी संपली की कामगारांना गुळाचा खडा मिळायचा, तोही त्यांना मातीसारखा लागायचा. आई म्हणायची, “ह्यांना भाजीत मीठ टाकलं काय, नाही टाकलं काय, सारखंच.”

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास कोकणातल्या एका बंदरगावचा लॉजवाला त्यांच्याकडे माहितीपत्रक छापायला आला. ‘आमच्या गावी सूर्यास्त पाहण्याची पाच ठिकाणे’. अण्णांनी समुद्र कधीच पाहिला नव्हता, पण ते पत्रक त्यांना पाठ झालं. संध्याकाळी आमच्या गच्चीवर उभे राहिले की ते मार्क द्यायचे. “आजचा दुसऱ्या ठिकाणासारखा. दीपस्तंभाच्या पायरीवरून दिसतो तसा.” मी हसायचो. “आणि पाचवं ठिकाण?” ते म्हणायचे, “ते गच्चीवरून होत नाही. तिथं पाणी पायाला लागलं पाहिजे.”

जाऊ, जाऊ करत दहा वर्षं गेली. मग २००३ च्या मार्चमध्ये अण्णांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटायला लागला. डावा डोळा आधीच गेला होता. डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं. बाहेर बोलावून मला म्हणाले, “नजर राहील अशी खात्री देत नाही. तोवर पडून राहू द्या. लांबचा प्रवास नको.” तो शुक्रवार होता.

घरी आल्यावर अण्णा एवढंच बोलले, “पाचवं ठिकाण राहिलं रे.”

त्या वाक्यानं मला झोप येईना. शनिवारी सकाळी डॉक्टरांकडून तासाभराच्या, सावकाश फेरीची परवानगी काढली आणि मित्राला, विलासला गाठलं. विलास सुरगाण्याचा, नाशिक-सुरगाणा जीप चालवायचा. माझा बेत ऐकून तो माझ्याकडे बघतच राहिला.

“म्हणजे काकांना धरणावर न्यायचं आन् समुद्र सांगायचा?”

“हो.”

“तू? पत्रकवाला?”

जन्मभर दुसऱ्यांचं खोटं उघडं पाडणारा मी... आणि पहिलं मोठं खोटं बोलणार होतो ते कुणाशी, तर ज्याच्या हातानं खोटं जुळत नाही त्याच्याशी.

अकरा वाजता निघालो. अण्णा मागच्या सीटवर आडवे, डोळ्यांवर हिरवं फडकं. औषधानं त्यांना लगेच गुंगी आली. गंगापूर रोडनं जाऊन धरणाच्या अलीकडे एका आंब्याखाली विलासनं जीप लावली, आणि पाच-साडेपाच तास आम्ही तिथेच बसून काढले. अण्णा मधूनच कुशीवर वळायचे. मग विलास गाडी चालू करून हॉर्न द्यायचा. “काका, घाट लागला बरं का. लय वळणं हायेत. झोपा तुम्ही.” मी तोंडात रुमाल कोंबून हसत होतो, आणि मला रडायलाही येत होतं.

साडेपाचला डोळ्यांवरचं फडकं काढून, त्यांचा हात धरून बॅकवॉटरच्या काठाशी उतरवलं. “आलो, अण्णा. पाचवं ठिकाण.”

मार्चमुळे पाणी मागे सरलं होतं. पलीकडचे डोंगर धुरकटात बुडाले होते. त्यांच्या नजरेला ते दिसणं शक्यच नव्हतं. वारा होता, लहान लाटा काठाला लागत होत्या. थोड्या अंतरावर मळ्यातली एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसली होती आणि शेजारी तिची म्हैस उभी होती.

“काय झालंय हिला,” बाई आमच्याकडे बघून म्हणाली. “दुपारधरनं पाण्याला तोंड लावीना. फुर्र करून मागं सरती.”

“समुद्रावर म्हैस?” अण्णांनी विचारलं.

“इथले लोक धुवायला आणतात,” मी म्हणालो. दुसरं खोटं. बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की विलास हसू दाबत तिकडून निघूनच गेला.

अण्णा चपला काढून घोटाभर पाण्यात उभे राहिले. सूर्य उतरत होता. अण्णा ते पत्रक पाठ म्हणत होते, एकेक शब्द जुळवल्यासारखं. “ठिकाण पाचवे. बंदराच्या डाव्या हाताचा कातळ. पाणी पायाशी येते व परत जाते. घाई करू नये.” मग मान वर करून बघत राहिले. त्यांच्या डोळ्यात नारिंगी ठिपका होता, मी तो पाहिला. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा ते म्हणाले, “दिसलं. पूर्ण दिसलं.”

मग वाकून त्यांनी ओंजळ भरली, बोटं तोंडाला लावली आणि म्हणाले, “खारट आहे.”

मला वाटलं, ज्यांना गुळाची चव कळत नाही, ते मला बरं वाटावं म्हणून बोलतायत. ते खरं नसणार याची खात्रीच करायची म्हणून मीही बोटं बुडवून चाखली.

पाणी खारट होतं. मीठ चिमटीनं जिभेवर ठेवावं तसं. घशाशी कडवट होत जाणारं. मी पुन्हा चाखलं. पुन्हा तेच. अण्णा रुमालानं हात पुसत होते. मी त्यांचा हात धरून त्यांना जीपकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा बाटली घेऊन त्याच जागी गेलो. पाणी गोड. म्हैस पाण्यात बसलेली. “काल सांजेला तुम्ही गेला आन् ही पाण्यात शिरली,” बाई म्हणाली. इथे कुणी खताचं, मिठाचं पोतं धुतलं का, म्हणून विचारलं. “धरणात कोण मीठ धुतं, दादा?” बाटली ओळखीच्या केमिस्ट्रीच्या सरांना दिली. पाण्यात काहीही वेगळं नव्हतं. सर म्हणाले, “भावनेच्या भरात जीभ फसते.” मान्य. मीच पत्रकात हे लिहिलं असतं. पण म्हशीला कुठे कुणी समुद्र दाखवायला आणलं होतं?

एक पुरावा होता, अण्णांचा रुमाल. घरी येऊन पाहिलं तर तो वाळून ताठ झालेला, कडेला पांढरट रेघा. मी तो कागदात गुंडाळून ठेवणार, तोवर आईनं भिजवून टाकला. “घामाचा डाग होता रे. केवढा घाम येतो ह्यांना.”

ऑपरेशन झालं, पण नजर वाचली नाही. पट्टी निघाल्यावर आठवड्यानं मी धीर करून अण्णांच्या शेजारी बसलो. सांगायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, “गाडी झाडाखाली उभी होती ना?”

“हो,” मी म्हणालो.

“घाट उतरताना कान दडपतात. छापखान्याच्या कागदाबरोबर मी ट्रकनं कसारा उतरलोय. आणि विलासच्या घाटाला सारखा आंब्याच्या मोहोराचा वास येत होता.”

“मग खारट का म्हणालात?”

“तू एवढी खटपट केलीस. म्हटलं, आयुष्यात एक खोटं आपणही जुळवू. चाखायच्या आधीच शब्द तयार ठेवला होता.” त्यांनी ओठांवरून बोट फिरवलं. “आणि मग जिभेला मीठ लागलं. किती वर्षांनी लागलं असेल. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि ते खरंच निघालं रे.”

त्यानंतर त्यांना कधीच कसली चव आली नाही. मी अजून पत्रकं लिहितो, बाबांशी अजून भांडतो. या एका संध्याकाळचा खुलासा माझ्याकडे नाही. आभार मानायची फार इच्छा होते... कुणाचे मानायचे ते कळत नाही. म्हणून हे लिहिलं. अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “छाप. खरं आहे.”

आता एक विनंती. त्या काठावर नारळ फोडू नका, दगडाला शेंदूर लावू नका. मी आडवा येईन. पण घरात कुणाचं काही पाहायचं राहिलं असेल, तर आज रात्री जेवताना त्यांना विचारा. नजर आहे तोवर त्यांना तिथे घेऊन जा. आणि कुठे नेताय ते खरं सांगा.

त्यांना तसंही कळतंच.