जमिनीवरचा दिवा

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. औंढ्याचा नागनाथ आमच्या शिरड शहापूरहून बैलगाडीच्या वाटेवर, त्यामुळे त्याच्याशी भांडायला मला कधी लांब जावं लागलं नाही. कूस उजवली नाही म्हणून भांडले. मग निजामाच्या अमलात एका साली पटकीची साथ आली आणि माझ्या मालकांच्या चुलतभावाचं घर धुऊन निघालं. बाप गेला, आई गेली, पाठचा भाऊ गेला. उरली एकटी गोदी. आखाडा बाळापूरकडच्या त्या गावाहून मालक तिला गाडीत घालून घेऊन आले. दुधाचे दात पडायच्या वयाची पोर. चार बायकांदेखत मी तिला ओटीत घेतली आणि मनात म्हटलं, उशिरा का होईना, दिलंस बाबा. पण दैव देतं आणि कर्म नेतं, ही म्हण काय उगाच पडली आहे?

दिवसा ती बरी असायची. वासरामागं हिंडायची, वाढलं ते मुकाट्यानं खायची. मला मात्र काहीच म्हणत नसे, काकी नाही की माय नाही. आणि दिवेलागण झाली की घराबाहेर पळायची. गोठ्यात गाईच्या पोटाशी अंग चोरून बसायची. आत आणायला जावं तर दाराची चौकट अशी घट्ट धरायची, की एकेक बोट सोडवावं लागे. मी गोंजारलं, गूळ दिला, शेवटी रागेही भरले. काही उपयोग झाला नाही. आपल्याच घरात आपलं लेकरू भ्यावं, यासारखं दुःख नाही हो. मी चुलीपुढं बसून रडायची आणि भाकरी करपायची.

ती आली तेव्हाच मी नागनाथाला बोलले होते, की हे लेकरू घरात रुळेपर्यंत रोज तिन्हीसांजेला देवापुढची भुई सारवीन, मूठभर पीठ पसरीन आणि त्यावर तुझा दिवा ठेवीन. एक दिवस चुकवला नाही. पोर जास्त भिऊ लागली तशी मी जास्त निष्ठेनं सारवू लागले. शेजारणींच्या नजरेतून हे सुटलं नाही. देवाच्या दिव्याला पाहून पळते म्हणजे पोरीला बाहेरचं लागलंय, असं त्या बोलू लागल्या. अंगारा झाला, दोरा झाला. घरात काही विपरीत होण्याआधी तिला काढा, इथवर गोष्ट आली. मालक स्वभावानं वाईट नव्हते, पण लोकांच्या बोलण्यानं थकले. शिवरात झाली की तिला मामाच्या घरी सोडून येतो, म्हणाले. हा तोच मामा, ज्यानं साथीत तिला दारात उभं केलं नव्हतं. मी पाया पडले, तरी त्यांनी ऐकलं नाही.

शिवरातीला शेवटचा उपाय म्हणून तिला औंढ्याला नेलं. तिथला देव जमिनीच्या पोटात आहे, अरुंद पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. गोदीनं त्या भोकातून खाली वाकून पाहिलं. खाली समई तेवत होती. तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून रांगेतल्या बाया मागं सरल्या. कुणीतरी म्हणालं, बघा, देवाच्या दारातसुद्धा सोसंना. मालक एकटेच दर्शनाला उतरले. मी तिला घेऊन बाहेर भिंतीशी बसले. देवानंही दार लावलं, आता कुणाच्या तोंडाकडं पाहायचं, असं झालं. त्या क्षणी मला नागनाथ नको होता, कुणीच नको होतं.

जवळ एक म्हातारी येऊन टेकली. कुठल्याशा तांड्यावरची असावी, कोपरापर्यंत बांगड्या, ओढणीला आरसे. तिनं आपल्या तांब्यातलं पाणी पोरीला पाजलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काहून रडून राहिली, बाई?"

आमच्याकडं आल्यापासून जिनं कुणाला धड उत्तर दिलं नव्हतं, ती पोर म्हणाली, "खाली दिवा हाय. आता कोन मेलं?"

तेव्हा मला उमगलं. आमच्यात माणूस गेलं, की जीव गेला ती जागा सारवतात, पीठ पसरतात आणि त्यावर दिवा ठेवतात. एरवी घरचा दिवा दिवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात. त्या लेकरानं स्वतःच्या घरात असे दिवे बापासाठी, आईसाठी, भावासाठी पाहिले होते. आणि मी, तिचं भलं व्हावं म्हणून, रोज संध्याकाळी तेच मांडत होते; देवापुढचं म्हणून आम्हां कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. रोज तिला वाटत असणार, आज या घरातलं कुणीतरी गेलं.

मी नवसाचं सांगितलं, तेव्हा म्हातारी म्हणाली, "दिवा उचलून वर ठेव, बाई. देवाला वरचा बी दिसतो." मालकांना हाक मारायला मी वळले, तेवढ्यात ती गर्दीत मिसळली. कोण होती, मी ठरवत नाही. आंधळ्याच्या गाई देव राखतो, एवढंच मला ठाऊक.

त्या संध्याकाळी मी नवस मोडला. दिवा उचलून दिवळीत ठेवला. गोदी उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर बसली. मालकांना मी सगळं सांगितलं होतं; मामाकडं न्यायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. हळूहळू ती चुलीपाशी आली, मालकांच्या ताटात जेवू लागली. ते तिला शेतावर खांद्यावरून नेऊ लागले. वाटलं, सुटलो.

भादव्यात मालकांना ताप भरला आणि ते उठले नाहीत. बायांनी जागा सारवली, पीठ पसरलं, दिवा ठेवला. गोदीला आधीच कुणीतरी शेजारी नेलं होतं. कुंकू गेलं, आणि आता हा दिवा पाहून लेकरूही जाणार, असं वाटून मी भिंतीला डोकं टेकलं. नवस मोडला त्याची ही शिक्षा, असंही मनात आलं. नागनाथाला म्हटलं, घे, सगळंच घे, आता मी काही मागत नाही.

दिवेलागणीला दारात सावली पडली. गोदी उंबऱ्यावर थांबली.  दिव्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत आली. माझ्याजवळ बसून तिनं दारातून येणाऱ्या वाऱ्याला हात आडवा धरला, दिव्याची ज्योत सांभाळत.

"माय," ती म्हणाली, "मी हितंच हाय."

त्या रात्रीपासून देवाशी माझं भांडण मिटलं, असं नाही. दुःख होतं तेवढंच राहिलं. पण माझ्या हातून जे होत नव्हतं ते त्यानं केलं, आणि मी मागितलं होतं त्यापेक्षा निराळं केलं. मी म्हणत होते, लेकराला या घरात आधार मिळू दे. माझाही आधार तो तयार करतो आहे, हे मला कुठं ठाऊक होतं? आता मी दिवा लावते, दिवळीत ठेवते आणि काही न मागता हात जोडते.