विचारलं की ‘रेडी’

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. “भावजी, हे गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, “कुठं?”... भूपाल मगदूम न सांगता कुठंतरी गेल्याचे वहिनींचे फोन मला वर्षानुवर्षं यायचे, त्यामुळं समजायला वेळ लागला.

भूपाल मूळचा जयसिंगपूरचा. नव्वदच्या दशकात कसबा बावड्यात खोली घेऊन आम्ही संगणकाचे प्रोग्रॅम करायचो. तो लिहायचा, मी गिऱ्हाईक सांभाळायचो. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं काम मिळायच्या बेतात होतं. ते हुकलं तर खोली सोडायची, असं आमचं ठरलं होतं. उसाच्या ट्रॅक्टरचं वजन काट्यावरून संगणकात यायचं आणि तिथून फ्लॉपीवर उतरायचं. असं येणारं-जाणारं सगळं वाटेत बफर नावाच्या तात्पुरत्या जागेत थांबतं. काट्याकडनं काही आलंय का, फ्लॉपी घ्यायला तयार आहे का, हे डॉसला, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, आधी विचारायची सोय असते. आमच्या पहिल्या प्रोग्रॅमात हे विचारणंच नव्हतं. काटा गप्प बसला की संगणकही गप्प, आणि मागं ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या. भूपालनं खपून ती विचारपूस बसवली.

प्रात्यक्षिकाला चेअरमन स्वतः आले. ट्रॅक्टर काट्यावर चढत होते, पडद्यावर ‘रेडी’ उमटत होतं. भूपाल रंगात आला. “साहेब, विचारल्याबिगर हे मशीन एक आकडा लिहीत न्हाय.”

चेअरमन शांतपणे म्हणाले, “मगदूम, तुमच्या खिशात काय हाय?”

खिशात फ्लॉपी होती. मघाशी साहेबांना दाखवायला काढली, ती परत संगणकात घालायची राहिली होती. पडद्यावर मात्र अजून ‘रेडी’च.

मी भिंतीकडं बघत राहिलो... भूपालनं पिशवीतनं डॉसचं जाडजूड पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या वाचलं. फ्लॉपीवरच्या फाईलीत लिहायला तयार आहेस का, असं विचारलं तर डॉस कायम तयारच म्हणतो, फ्लॉपी भरलेली असो, नाहीतर जागेवरच नसो. “साहेब,” तो म्हणाला, “ह्येला न्हाय म्हणायला शिकवलेलंच न्हाय.”

“आमच्या संचालकांगत हाय की,” चेअरमन म्हणाले. “नीट करून आणा.”

काम मिळालं. लिहिलेलं परत वाचून बघणारा तो प्रोग्रॅम तिथं कित्येक हंगाम चालला. पण भूपालचा जगातल्या ‘हो’वरचा विश्वास उडाला तो उडालाच. मुलीच्या लग्नात आचारी “भात झाला” म्हणाला, तर वधूपित्यानं फेट्यासकट पातेल्यात डोकं घालून शीत दाबून बघितलं. वर अक्षता आणि खाली वाफ, अशा अवस्थेत तो मांडवात परतला. पुढं आजारी पडला, तेव्हा दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. ह्यानं विचारलं, कशावरनं?

शेवटच्या भेटीत मी सहज म्हणालो, “बरा हायस न्हवं?”

“व्हय म्हणू,” तो म्हणाला, “का खरं सांगू?”

मग बराच वेळ तो खरं सांगत बसला. भीती वाटते म्हणाला. दोघांचेही चहा निवून गेले...

परवा वहिनींकडं जायचं होतं. फोन करून सांगितलं, “निघालो.”

“चपला घातल्या?” त्यांनी विचारलं.

मी खाली बघितलं. अनवाणीच होतो.