कॅमेरा येईपर्यंत बसून राहा

माझी मुलगी अकरा महिन्यांची झाली आणि आमच्या घरात तिला चालायची बंदी झाली.

हे वाचून वाटेल, काय दुष्ट माणसं आहेत. तसं नव्हतं. नवरा अमेरिकेत होता. कंपनीनं त्याला 'फक्त सहा महिन्यांसाठी' पाठवलं तेव्हा पोरगी सव्वा महिन्याची होती. सॉफ्टवेअरमधले सहा महिने किती लांबतात ते मला ठाऊक होतं, कारण मीही त्याच धंद्यात होते. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. पालथी पडली, बसली, रांगली, दात आला, हे सगळं त्यानं नुसतं ऐकलं. एका रविवारी मी म्हटलं, "आज दिवाणाला धरून उभी राहिली." त्यानं ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "पहिल्यांदा चालेल ना, ते मला बघायचंय. फोटो नको. चालताना बघायचंय."

"दाखवते की," मी म्हणून बसले. मी अमरावतीची. आमच्याकडे आधी हो म्हणतात आणि मग डोक्याला हात लावतात.

तेव्हा व्हिडिओ कॅमेरा म्हणजे लग्नातल्या शूटिंगवाल्याच्या खांद्यावरचं धूड. हातात मावणारा हँडीकॅम निघाला होता, पण तो ज्यांच्या घरी होता त्यांच्या घरी गाडीही होती. माझ्याकडे बोनसचे वीस हजार होते. सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शनिवार पेठेत जन्मलेले आणि आयुष्यात एकही वस्तू पहिल्या दुकानात न घेतलेले. त्यांनी माझा बेत ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वस्तू चांगली आहे. घाई करू नये."

"बाबा, ती आठवड्यात चालेल!"

"मग तिला सांगू."

आणि खरंच सांगितलं. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, त्याच दुपारी पांगुळगाडा माळ्यावर टाकला. पोरगी दिवाणाला धरून उभी राहिली, एक हात सोडला, की स्वयंपाकघरातून आई धावत यायच्या. "बस गं बाई, बस! तुझ्या बाबाला बघू दे आधी. कॅमेरा यायचाय." की पोरगी खाली. तिला वाटलं हा खेळच आहे. ती मुद्दाम हात सोडायची आणि आई आल्या की खिदळत बसायची. ऑफिसातून मी फोन करून आधी विचारायचे, "चालली नाही ना?" शेजारच्या क्यूबिकलमधली मुलं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायची.

इकडे बाबांनी आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. वजन, झूम, बॅटरी, कॅसेटचा प्रकार, किंमत. शेवटचा रकाना होता 'दुकानदाराचा स्वभाव'. पहिल्या पाच दुकानांपुढे त्यात एकच शब्द होता, 'गोड'. बाबांच्या दृष्टीनं यापेक्षा वाईट शेरा नव्हता. कॅम्पातल्या एका दुकानात टाय लावलेला मुलगा म्हणाला, "अंकल, यात तीनशे साठ पट झूम आहे." बाबा म्हणाले, "आम्हाला नात बघायची आहे, शनीची कडी नाही." दुसरीकडे अंधारातही चित्र दिसतं असं कळलं. ते घरी येऊन सांगितल्यावर आई म्हणाल्या, "अंधारात कशाला चालेल ती? धडपडेल की."

मीही काही कमी नव्हते. इंटरनेट कॅफेत तासाला पैसे मोजून वाचत बसले आणि शहाणी होण्याऐवजी पार गोंधळून बाहेर पडले. कॅसेटचे चार प्रकार, आणि एकाची कॅसेट दुसऱ्यात जाईल तर शपथ. डिजिटल घ्यावा तर दोन बोनस लागतील. त्यात कळलं की इकडची कॅसेट तिकडच्या टीव्हीवर लावली तर नुसत्या रेघा दिसतात. म्हणजे सीडी करून पाठवायला हवी, म्हणजे ती करून देणारा दुकानदार हवा. बाबांनी शांतपणे तक्त्यात आणखी एक रकाना आखला. मला तो कागद फाडून खावासा वाटला.

सतरा दिवस गेले. पोरगी आता कशालाही न धरता उभी राहायची आणि आमच्याकडे बघायची. पुढचं पाऊल उचलू का, असं जणू विचारायची. आम्ही तिघं एका सुरात ओरडायचो, "बस!"

सहावं दुकान लक्ष्मी रोडजवळच्या गल्लीत होतं. निकाल लावायचाच म्हणून आम्ही सगळे गेलो, पोरीला घेऊन. दुकानदार वर्तमानपत्र वाचत होते. आमच्याकडे न बघता म्हणाले, "बोला."

"या कॅमेऱ्यानं काय काय करता येतं?" मी विचारलं.

"चित्रण."

"हातात घेऊन बघू का?"

"घेणार असाल तर."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'सरळ'.

दुकानदारांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला, वायर टीव्हीला जोडली, आणि टीव्हीवर अख्खं दुकान दिसायला लागलं. आमच्या मागं स्टुलावर बसलेल्या आई, त्यांच्या मांडीवर पोरगी. आई पदर सारखा करू लागल्या. बाबा टीव्हीसमोर जाऊन रंग तपासत होते, मी माझे केस किती वाईट दिसतात ते बघत होते. टीव्हीतली पोरगी आईंच्या मांडीवरून घसरली. उभी राहिली. टीव्हीतल्या स्वतःकडे बघून तिनं हात पुढे केले आणि निघाली. एक, दोन, तीन, चार.

आम्ही सगळे तोंड उघडं टाकून टीव्ही बघत होतो. पोरगी बाबांच्या नि माझ्या पाठीमागं, आईंच्या हाताच्या अंतरावर चालत होती आणि टीव्हीवरून नजर काढायचं एकालाही सुचलं नाही! ती येऊन माझ्या पायाला आपटली तेव्हा कळलं की हे खरंच झालंय. आई सवयीनं ओरडल्या, "बस खाली!"

"आलं का?" बाबांचा आवाज चिरकला. "अहो, आलं का त्यात?"

"त्यात कॅसेट नाही," दुकानदार म्हणाले. "दाखवायला कॅसेट कशाला?"

मला रडू यावं ना? मला हसू फुटलं. असं फुटलं की थांबेना, खुर्ची धरून हसले. सतरा दिवस आम्ही त्या बिचारीला दाबून बसवलं आणि ती कॅमेऱ्यासमोरच चालली, रिकाम्या! आई हसायला लागल्या, पोरगी हसायला लागली. दुकानदार घाईघाईनं ड्रॉवरमधून कोरी कॅसेट काढून आत घालू लागले. "चालवा, परत चालवा!" पण पोरगी खाली बसली ती बसलीच. आम्हीच तर शिकवलं होतं.

कॅमेरा बावीस हजारांचा होता. वरचे दोन हजार बाबांनी दिले, भाव न करता. मी लग्न होऊन आल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

घरी आल्यावर मी जाहीर केलं की आता पहिली पावलं पुन्हा टाकायची. बाबा म्हणाले, "खोटं सांगायचं नाही. विचारलं तर खरं सांगायचं. नाही विचारलं, तर आपणहून बोलायचं नाही." मग त्यांनीच सगळ्यांना जागा नेमून दिल्या. ते खुर्चीत पेपर वाचणार, आई स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारणार, कॅमेरा माझ्याकडे, आणि कुणीही टाळ्या वाजवायच्या नाहीत. पहिल्या दिवशी पोरीनं भिंग चाटलं. दुसऱ्या दिवशी झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी आईंनी हाक मारली आणि ती दिवाण सोडून निघाली.

दोन पावलं मी टिपली. तिसऱ्याला समोर पांढरा लेंगा आला. बाबांनी पेपर भिरकावला होता आणि ते मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते, "शाब्बास! शाब्बास गं माझी राणी!" बाकीची सगळी कॅसेट म्हणजे बाबांची पाठ आणि माझा आवाज, "बाबा, बाजूला व्हा! बाबा!!" पुन्हा शूटिंग करायचं त्राण कुणातच नव्हतं. दुकानदारांनी तेवढ्याचीच सीडी करून दिली आणि तिकडे निघालेल्या एका सहकाऱ्याबरोबर मी ती पाठवली.

पुढच्या रविवारी फोन आला. नवरा हसत होता की रडत होता, पहिलं मिनिटभर कळलं नाही. "दोन पावलं बघितली," तो म्हणाला. "पन्नास वेळा बघितली. ही पहिलीच ना?"

विचारलं म्हणजे सांगणं आलं. मी दुकानातलं सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "बाबा असे उठलेले मी कधी बघितले नाहीत गं. मी पहिल्यांदा चाललो तेव्हाही असेच नाचले होते का, विचार ना."

मी चेष्टेच्या सुरात मोठ्यानं विचारलं. बाबा टेबलापाशी बसून कॅमेऱ्याचं भिंग पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी नव्हतो तेव्हा," ते म्हणाले. "पावसाळ्याची ड्यूटी होती, धरणावर. खडकवासल्याला."

"मी पत्र टाकलं होतं," आई म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी मिळालं ह्यांना."

"बसनं तासाभराचा रस्ता," बाबा म्हणाले. "एवढासा."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी रिसीव्हर त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला. आईंकडे वळले.

"किती पावलं टाकली होती गं त्यानं?"

"सात," आई म्हणाल्या. एक क्षणही आठवावं लागलं नाही त्यांना.

बाबांनी रिसीव्हर कानाला लावला. "सात टाकलीस," ते म्हणाले.