खिशातली जोडपिन

सोल्डरिंगचा वास आला की नाशिक रोडची आमची कॉलनी आठवते. घराण्यातला मी पहिला बी.एस्सी., ॲम्प्लिफायर स्वतः बनवलेला. टेपची वायर त्यात बसेना, म्हणून नाशकातल्या द्वारका चौकातली दुकानं पालथी घालून जोडपिन शोधून आणली होती. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या गाण्यांवर नाक मुरडणारे शेजारचे काका मुलीच्या साखरपुड्याच्या सकाळी दारातूनच म्हणाले, "टेप आहे आमच्याकडे, तुझा ॲम्प्लिफायर दे. तू नको येऊस हं, पाहुणे जुन्या वळणाचे आहेत." मी ॲम्प्लिफायर दिला आणि पिन खिशात ठेवली. तासाभरात ते तणतणत आले. "अरे, वायर बसत नाही!" म्हटलं, "पिन माझ्याकडे आहे, काका. बोलावलंत तर येऊन लावतो." त्यांनी बोलावलं नाही. साखरपुडा मुकाच झाला. तसले टेप आता मोडीत गेले, पिन मात्र मी अजून टाकलेली नाही.