दारासमोरची जपानी बाई

आमच्या लालबागच्या खोलीत दारासमोर एकच धड भिंत आहे. एका अंगाला मोरी आणि ओटा, दुसऱ्या अंगाला कपाट. चप्पल काढून जो कोणी आत येतो, त्याची नजर आधी त्या भिंतीवर पडते. चाळीत अशा भिंतीवर जागा कोणाला, हे ठरलेलं असतं: देवाला, नाहीतर घरातल्या मेलेल्या माणसाला. माझ्या नवऱ्याला हा नियम तोंडपाठ होता. तेहतीस वर्षांत त्याने मला त्या भिंतीत एक खिळा ठोकू दिला नाही.

मला लावायची होती कॅलेंडरची पानं. मी फोर्टात एका जहाज कंपनीत टायपिस्ट होते. डिसेंबरात ऑफिसात कॅलेंडरांचा ढीग यायचा. देवांची पहिल्या तासाभरात संपायची. एका वर्षी जपानहून आलेलं एक तसंच पडून राहिलं, ते मी उचललं. आत जुनी जपानी चित्रं होती, लाकडाच्या फळ्या कोरून, रंगागणिक वेगळा ठसा करून छापलेली. माझ्याकडे आली ती अर्थात त्यांची साधी नक्कल. बर्फातला पूल, पाण्याखालचे दोन मासे, आणि ऑगस्टच्या पानावर एक बाई, पाठमोरी, केस मोकळे सोडून आरशात स्वतःकडे बघत बसलेली. तिला कुठे जायची घाई नव्हती, कोणासाठी चहा टाकायचा नव्हता. मला तिचा हेवा वाटला.

"ही कोण अवदसा, केस सोडून बसलीय?" नवरा म्हणाला आणि पानं माझ्या हातात परत दिली. तो वाईट माणूस नव्हता. माझी आई आजारी होती तेव्हा दोन महिने त्याने हॉस्पिटलात डबे पोचवले. पण घर त्याचं, भिंत त्याची आणि माझी आवड म्हणजे खूळ. पानं मी साड्यांच्या घडीत ठेवली. साड्यांना ऊन दाखवायच्या दिवशी ती पलंगावर पसरून बघायची आणि पुन्हा आत ठेवायची.

गेल्या वर्षी तो गेला. तेराव्यालाच धाकटे दीर म्हणाले, "वर्षश्राद्धाला दादाचा मोठा फोटो करून आणतो. समोरच लावू." ते मला विचारत नव्हते, सांगत होते. मी मान डोलावली. सगळे गेल्यावर मात्र असा संताप आला की हातातलं पातेलं आपटलं. जिवंतपणी ज्याने एक खिळा मारू दिला नाही, त्याला आता अख्खी भिंत हवी. आणि मी उरलेलं आयुष्य त्याच्या नजरेसमोर जेवायचं, झोपायचं, केस विंचरायचे. मला ते नको होतं.

श्राद्धाच्या आठवडाभर आधी मी तीन पानं घेऊन चाळीखालच्या फ्रेमवाल्याकडे गेले. आमच्या गल्लीतले सगळे देव आणि सगळे मेलेले त्यानेच काचेत बसवलेत. घ्यायला गेले तर काम सुबक होतं, पण तिन्ही फ्रेमना वरच्या दोन कोपऱ्यांत पितळी आकडे. हार अडकवायला. वर्ष न सरलेली विधवा फ्रेम करायला येते म्हणजे हार लागणारच, म्हणून त्याचा हात सवयीने चालला होता. माशांनासुद्धा आकडे.

"हे काढा," मी म्हणाले.

"राहू दे ना मावशी, पुढेमागे कामाला येतील."

"ही बाई मेलेली नाही. मासेही जिवंत आहेत."

तो हसला, पण पक्कड घेऊन बसला आणि भोकं पुट्टी भरून बुजवून दिली. खिळे मी माझ्या हाताने ठोकले. पहिला वाकडा गेला, दुसऱ्याला अंगठा ठेचला. मदतीला आलेल्या शेजारणीला मी दारातूनच परत पाठवलं.

श्राद्धाच्या दिवशी दीर आले ते काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला हा एवढा फोटो घेऊनच. दारातच थांबले.

"वहिनी, ही कोण? दादाला कुठे लावायचा?"

"ओट्याच्या वर. माझा दिवस तिथेच जातो. रोज दिवा लावीन, हार घालीन."

"नवरा मोरीकडे आणि केस सोडलेली बाई समोर? लोक काय म्हणतले गो?"

"लोकांना मी सांगेन काय ते. ही भिंत माझी आहे, भावोजी."

आवाज चढवला नाही. ताटं वाढायला घेतली. दीर जेवले. निघताना फोटो पुन्हा काखेत मारला. "तुला नको तर मी लावतो माझ्या घरी. माझा भाऊ होता तो."

"लावा," मी म्हणाले. त्यांचं माहीमला दोन बेडरूमचं घर आहे, भिंतींना तोटा नाही.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेले. हॉलमध्ये टीव्ही होता. बेडरूममध्ये त्यांच्या लग्नाचा फोटो. नवरा कुठेच दिसेना. जावेला विचारलं तर ती हळूच म्हणाली, "आठवडाभर लावला होता हो ताई. सारखे बघतायत असं वाटायचं, घास जाईना. ह्यांनीच माळ्यावर ठेवला." दीर पेपरात तोंड घालून बसले होते.

"भावोजी, उतरवा त्यांना," मी म्हणाले. "माळ्यावर नाही ठेवायचं माझ्या माणसाला."

टॅक्सीत मांडीवर घेऊन त्याला घरी आणला आणि म्हटलं होतं तिथेच, ओट्याच्या वर लावला. रोज दिवा असतो, हार असतो. फोडणीचा धूर काचेवर बसतो, तो मी पुसते. त्या जागी जन्मभर मी उभी राहिले. त्यालाही राहायला हरकत नसावी.