घरच्यांचं वजन

माझा मित्र मालवाहू जहाजावर होता. वर्षातले बरेच महिने समुद्रावर आणि उरलेले इथे रत्नागिरीत, मांडवीच्या घरी. त्याला ठोकळे रचून घरं बांधायच्या एका गेमचा भारी नाद. जहाज बंदराला लागलं की तो तिथून खेळायचा, आम्ही रत्नागिरीतून. सगळ्यांना एकत्र खेळता यावं म्हणून लागणारा सर्व्हर माझ्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात चालू असायचा, पण त्यातले नियम सगळे त्याचे. त्या गेममध्ये त्याने जांभ्या दगडाच्या रंगाचं एक घर बांधलं होतं. त्यात तो कुणालाही शिरू देत नसे. "पुढच्या सुट्टीत ताईला दाखवतो, मग तुम्ही," म्हणायचा. ती सुट्टी आलीच नाही. जहाजावरच त्याचं हृदय बंद पडलं.

दिवसकार्य आटपल्यावर एका दुपारी त्याची ताई दुकानात आली. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलेला. म्हणाली, "तो सारखा सांगायचा ते घर दाखव मला. भायरून नको, आत जायचाय."

तिच्यासाठी त्याने खातं आधीच उघडून ठेवलं होतं. मी तिला दारापर्यंत नेलं. पडद्यावर आलं, परवानगी नाही. तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. मेलेल्या माणसावर रागावणं बरं नव्हे, पण मी रागावलो.

त्याने माणसांचे दोन गट केले होते, 'पाहुणे' आणि 'घरचे'. गटाला जे हक्क असतील ते त्यातल्या माणसांकडे वारशाने येतात. मनाईसुद्धा येते. नवा माणूस आपोआप पाहुण्यांत पडतो आणि पाहुण्यांना ते दार बंद होतं. ताईला त्याने घरच्यांतही घातलं होतं आणि घरच्यांना दार उघडायचा हक्क स्पष्ट दिलेला होता. तरी उघडेना. मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, हक्क काढून पुन्हा दिला. ढिम्म.

शेवटी म्हटलं, "ताई, तुला मालकाचे हक्क देतो. त्याने काहीही उघडतं."

"नको. भावाच्या घरात मालकीण म्हणून कशाला जाऊ? बहीण म्हणून जाता येत नाय काय?"

मग मी गटांची वजनं, म्हणजे प्रत्येक गटाला दिलेला आकडा, पाहिली. एकच माणूस दोन गटांत असला आणि एक गट हो म्हणाला, दुसरा नाही, तर ज्याचं वजन जास्त त्याचं चालतं. त्याने पाहुण्यांना सगळ्यांत जास्त वजन दिलं होतं आणि घरच्यांना शून्य. वजन म्हणजे मान, असं धरून चालला होता गाढव. पाहुण्यांचं पान आधी वाढायचं, घरच्यांनी मागाहून बसायचं, हेच त्याने जन्मभर पाहिलं होतं. त्याला स्वतःला मालकाचे हक्क, त्यामुळे दार त्याला कधी अडलंच नाही आणि चूक कळलीच नाही. मी आकडे उलटे केले.

"आता उघडेल," मी म्हणालो.

ताई पडद्याकडे बघत होती. तिथे दोन्ही गटांतली नावं दिसत होती. घरच्यांत तिचं एकटीचं नाव होतं आणि त्याचं पाहुण्यांत. नवीन माणूस म्हणून सुरुवातीला पडला तो तिथेच राहिला होता.

"सुट्टीवर आला की पयलं पान त्यालाच वाढायची मी," ती म्हणाली. "तो चिडायचा. म्हणायचा, मला पाहुणा करू नको ताई, तुझ्याबरोबर बसू दे. मी कधी बसू दिला नाय." तिने पडद्यावरच्या त्याच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्याला घरच्यांत घाल."

त्यामुळे आता काही फरक पडणार नव्हता, पण ते मी तिला सांगितलं नाही. त्याचं नाव पाहुण्यांतून काढून घरच्यांत लिहिलं. माझे डोळे भरून आले होते, म्हणून ते दोनदा चुकलं.

मग ताईने दार उघडलं, आत गेली आणि मागे ते लावून घेतलं. मी उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. मी पाहुण्यांतलाच होतो.