पाळीपत्रकातली एक अट

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापूरजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते. विभाग म्हणजे एक यंत्र, एक प्रिंटर आणि मी. शिवाजी पेठेतून सकाळची एसटी धरायची, चपला दाराबाहेर काढायच्या आणि कुणाचा ऊस कधी तुटणार त्याचं पाळीपत्रक छापायचं. प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीचा. लागणीची तारीख आणि उसाची जात घातली की तो पाळी लावून देई.

जळीत उसाला त्यात सगळ्यांच्या आधी पाळी होती. नियम जुनाच, जळालेला ऊस उभा ठेवला तर रोज वजनात घटतो. पण पूर्वी कारखान्याचे शेतकी अधिकारी उसाच्या फडावर जाऊन, आग कशी लागली ते बघून ठरवत. यंत्र काहीच विचारत नव्हतं. हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि नंबर लवकर लागावा म्हणून ते आपलेच फड पेटवू लागले.

शेतकी अधिकारी वयानं मोठे, बोलायला फटकळ. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, ही पयली पाळी उसाला न्हाय, काड्यापेटीला हाय."

मी प्रोग्राममध्ये एक अट वाढवली. जळीत ऊस आधीच तुटेल, पण त्या शेतकऱ्याचे बाकीचे प्लॉट यादीत मागे जातील. आग खरोखर अपघातानं लागली असेल, तर अधिकाऱ्यांनी तसं सांगितल्यावर अट उठेल. थोड्याच दिवसांत आगी कमी झाल्या. शेजारच्या कारखान्यानं ही अट मागितली. मी फ्लॉपीवर उतरवून दिली आणि ते कंपनीला कळलं.

कंपनीचा माणूस आला. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला आणि शेतकी अधिकाऱ्यांना केबिनमध्ये बोलावलं. त्यानं आवाज चढवला नाही. परदेशात असल्या पद्धतींची पेटंट घेतात, म्हणाला. आपल्याकडे अजून तसं नाही, पण करारात लिहिलंय, प्रोग्राम आणि त्यातला प्रत्येक बदल कंपनीचा. मग माझ्याकडे वळला. "सगळ्यांनी असंच फुकट नेलं तर नवीन बनवायचं कुणी, मॅडम?"

त्याचं अगदीच चूक नव्हतं. त्यालाही घर चालवायचं होतं. मी एवढंच म्हटलं, की ही अट माझी आहे.

शेतकी अधिकाऱ्यांना राहवलं नाही. "पाळी लावायची रीत कुणाच्या बापाची हाय व्हय? आमच्यात पाण्याची पाळी आज्ज्यापासनं चालत आलीया."

"रीत तुमचीच," तो माणूस म्हणाला. "यंत्रावर आम्ही आणली."

साहेबांनी करार वाचला आणि अट काढायला सांगितलं. मी त्याच दुपारी काढली.

फड पुन्हा पेटू लागले. एका दुपारी वारा फिरला आणि कुणीतरी मुद्दाम लावलेली आग बांध ओलांडून तोडणी मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांपर्यंत, कोप्यांपर्यंत गेली. माणसं वाचली. एका गाडीवानाचा दाव्याला बांधलेला बैल भाजला आणि मेला. एका बैलावर गाडी चालत नाही. गाडीवान उरलेल्या बैलाचा कासरा हातात धरून ऑफिसच्या पायरीवर बसला होता. आम्ही त्याच्या बाजूनं आत-बाहेर करत होतो.

साहेबांनी स्वतः पुण्याला फोन केला. कंपनीनं अट घेतली. प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत ती आली, कंपनीची म्हणून, आणि सगळ्या कारखान्यांना विकली गेली. शेजारच्या कारखान्यालाही ती तिथूनच घ्यावी लागली. आगी थांबल्या. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

प्रोग्रामना पेटंट द्यावं की नको, यावर आता वर्तमानपत्रांत वाद चालतो. पेटंटशिवाय नवं काही निघणार नाही, असं एक बाजू म्हणते. पेटंटनंच नवं थांबेल, असं दुसरी. मी पाहिलं ते इतकंच.

पुढच्या हंगामात शेतकी अधिकारी एक कल्पना घेऊन आले. लगतच्या प्लॉटना एकापाठोपाठ पाळी लावली तर बैलगाड्यांची फुकटची वणवण वाचेल. कल्पना चांगली होती. काम फार नव्हतं.

मी म्हटलं, "पुण्याला पत्र टाका."

"तुमाला जमत न्हाय व्हय?"

"जमतंय की."

ते चहा न घेताच गेले. पत्र त्यांनी टाकलं नाही, मीही नाही. त्या हंगामात बैलगाड्या लांबच्या वाटेनंच फिरल्या.